खरं लिवायचं का बरं लिवायचं?

'मी हाती घेतलेलं काम तडीस नेतो.' या वाक्यापुढे पाच गोल असतात, 'अजिबात मान्य नाही'पासून 'पूर्ण मान्य'पर्यंत. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकी संशोधकाने १९३२ मध्ये लोकांचा कल मोजायची ही पायऱ्यापायऱ्यांची पद्धत मांडली आणि तेव्हापासून जगभर नोकरी मागणारी माणसं असे गोल काळे करत बसली आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीतही बसतात. मी तिथे एचआर सांभाळते. मानसशास्त्रात एम. ए. असल्यामुळे हे कागद माझ्याच टेबलावर येऊन पडले, त्यात माझी निवड अशी काही नव्हती.

कोअर शॉपच्या (साच्यात पोकळीसाठी ठेवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथल्या) भरतीला आलेल्या एका पोराने दोन-तीन वाक्यं वाचली, पेन हवेत धरलं आणि विचारलं, "मॅडम, ह्यात खरं लिवायचं का बरं लिवायचं?"

सगळे हसले, मीही हसले. पण व्यक्तिमत्त्व-चाचण्यांवर शंभरेक वर्षं जे भांडण चाललंय, ते इतक्या कमी शब्दांत मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नव्हतं.

या कागदांचा पूर्वज युद्धातला आहे. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा, १९१७ मध्ये, रॉबर्ट वुडवर्थने सैनिकांसाठी हो-नाही उत्तरांची एक प्रश्नावली रचायला घेतली. तोफांच्या माऱ्यात कोण कोलमडेल ते आधीच ओळखायचं होतं. ती तयार होऊन वापरात येईपर्यंत युद्धच संपलं. पण घडण तेव्हाच ठरून गेली: विचारणाऱ्याच्या हातात अधिकार, उत्तर देणाऱ्याच्या पदरी गरज, आणि दोघांच्या मध्ये एक कागद.

मग १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले. एवढ्या शब्दांचं करायचं काय? ते गटागटाने एकत्र बांधत बांधत संशोधक पाच मोठ्या गुणांपाशी येऊन थांबले: नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्थिरता. आज कामाच्या ठिकाणच्या संशोधनात हेच पाच गुण चालतात. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती क्वचितच सांगितली जाते. हे पाच गुण अमेरिकी हवाई दलाच्या ज्या अभ्यासात ठळकपणे दिसले, ट्यूप्स आणि क्रिस्टल यांच्या १९६१ च्या अभ्यासात, तिथे माणसं स्वतःबद्दल बोलत नव्हती. सोबत राहिलेले, सोबत काम केलेले लोक एकमेकांबद्दल सांगत होते. पुढे त्याच गुणांच्या स्वतःच भरायच्या प्रश्नावल्या झाल्या, कारण त्या स्वस्त पडतात. चार माणसांना विचारण्यापेक्षा एकालाच कागद देणं केव्हाही सोपं.

बरं, याने कळतं किती? १९६५ मध्ये गियॉन आणि गॉटियर यांनी तोवरचे अभ्यास तपासून जवळपास हातच झटकले होते. नोकरभरतीसाठी या चाचण्यांवर विसंबावं असा पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. पंचवीसेक वर्षं हा विषय थंड पडला. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी शेकडो निकाल एकत्र करून पाहिले तेव्हा पाचांपैकी कर्तव्यदक्षता हा एकच गुण बहुतेक सगळ्या व्यवसायांत कामाच्या दर्जाशी जुळताना दिसला. ती जुळणी ०.२२ च्या आसपास (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत), तीही आकडेमोडीतल्या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर.

०.२२ म्हणजे काय, हे साहेबांना समजावताना मला घाम फुटला होता. ढोबळ हिशेब असा: उमेदवारांचे चाचणीत वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग केले, तर वरच्या शंभरातले साठेक जण पुढे कामात सरस निघतात आणि खालच्या शंभरातले चाळीसेक. साहेबांचे डोळे चमकले. "चाळीसाऐवजी साठ? मग घ्या की!" कारखान्याच्या बाजूने त्यांचं बरोबरच आहे. दर वर्षी बरीच माणसं घ्यायची असतील तर हा फरक पैशात दिसतो. पण खालच्या शंभरातही चाळीस चांगले होते, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला एसटीने परत गावी जाऊन घरी काहीतरी सांगायचं असतं. तो हिशेब ०.२२ मध्ये बसत नाही.

फाउंड्रीतल्या माणसांना मोजमापाची भीती नसते, उलट त्यांच्या अंगातच ते असतं. आमच्या क्वालिटीवाल्यांना विश्वासार्हता म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, म्हणजे गेज आर अँड आर, मोजायच्या साधनाचीच परीक्षा. दहा नग घ्यायचे, तीन माणसांनी त्याच गेजने ते दोन-तीनदा मोजायचे आणि बघायचं, की आकड्यांतला फरक नगांमुळे आहे का मोजणाऱ्यांमुळे. फरकातला मोजणीचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगलं, तिसाच्या वर गेला तर बाद. मानसशास्त्रात हेच चालतं. महिन्याने तीच चाचणी दिली तर तेच गुण येतात का, दोन परीक्षकांचं जुळतं का, एका गुणाबद्दलचे दहा प्रश्न एकाच दिशेने बोलतात का. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी ली क्रॉनबाकने १९५१ मध्ये मांडलेला अल्फा आजही प्रत्येक शोधनिबंधात असतो. इथपर्यंत आमचे क्वालिटीवाले माना डोलावत होते. मग मी म्हटलं, फरक एकच आहे. कास्टिंगला आपल्याला मोजतायत हे कळत नाही.

माणसाला कळतं, आणि तो छाती फुगवतो. 'चांगलं दिसायचा प्रयत्न करा' असं सांगून चाचणी घेतली की गुण वर जातात, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. त्यावर उपाय म्हणून क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ विधानांची एक मोजपट्टी काढली. तिची मेख अशी, की 'मला कधी कुणाचा मनापासून तिटकारा आलेला नाही' यासारखी वाक्यं त्यात पेरलेली असतात. यांना कुणी सरसकट हो म्हणू लागला की समजायचं, हा गुळगुळीत बोलतोय. कल्पना छान आहे. पण आमच्या फेटलिंगला, ओतलेले नग घासून साफ करतात तिथे, एक माळकरी काका आहेत. आषाढीला सुट्टी मागतात, एरवी खाडा नाही. त्यांच्या तोंडून कुणाची चहाडी मी खरोखरच ऐकलेली नाही. ते या चाचणीला बसले तर खोटारडे ठरतील! संशोधकांनाही हेच आढळलंय: भरतीच्या वेळी या मोजपट्टीने बाकीचे गुण 'दुरुस्त' केले तरी अंदाज काही सुधारत नाही. दिखावा करणारा आणि मुळातच भला असणारा, दोघे एकाच खणात पडतात.

पण खोटं बोलण्याचा प्रश्न मला तितका छळत नाही. खरं बोलणाऱ्याचा छळतो.

गडहिंग्लजकडचा एक मुलगा आला होता, आयटीआय मोल्डर. 'मी कष्टाळू आहे' या वाक्यापुढे त्याने मधला गोल काळा केला होता. सांगता येत नाही. त्याच दिवशी शहरातल्या एका मुलाने प्रत्येक ओळीला पूर्ण मान्य दिलं होतं. कागद परत घेताना मी गडहिंग्लजच्या मुलाला सहज विचारलं, मधला का रे? तो म्हणाला, "आमची आई पहाटे चारला उठून म्हशी पिळती, सहाच्या आत दूध डेअरीला घालती, मग रानात जाती. माझं कष्ट म्हंजी काय, मॅडम?"

त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्याची तुलना आईशी होती. दुसऱ्याची बहुधा कॉलेजच्या कट्ट्यावरच्या मित्रांशी. चाचणी विचारते 'तू किती कष्टाळू', आणि माणूस मनात स्वतःच प्रश्न पुरा करतो, 'कुणाच्या मानाने?' स्टीव्हन हाइने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याच अडचणीवर बोट ठेवलं. दोन संस्कृतींची सरासरी अशा प्रश्नावलीवर ताडून पाहिली की निकाल उलटेपालटे येतात, कारण प्रत्येक जण आपल्या आसपासच्या माणसांशी स्वतःला मापतो. पुढे अनेक देशांच्या तुलनेत जपानी माणसांनी स्वतःला कर्तव्यदक्षतेत फार खाली धरल्याचं दिसलं, तेव्हा ज्यांना जपानी कारखाने ठाऊक होते त्यांनी कपाळाला हात लावला असेल. जपान राहू द्या. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, एकाच टेबलावर हे घडतं, आणि गुणांच्या बेरजेत ज्याच्या घरी कष्टाचं माप मोठं तोच मागे पडतो. प्रश्नावलीच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नसते.

यावर एक छोटा, फुकटातला इलाज आहे. विधानाच्या आधी 'कामावर असताना' एवढं जोडायचं. माणूस मग घर, मित्र, देवळातला पारायणाचा सप्ताह हे सगळं बाजूला ठेवून एकाच जागेचा विचार करतो. २०१२ मध्ये शॅफर आणि पोसल्थवेट यांनी जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं, की असं जोडलेल्या प्रश्नावल्या कामाबद्दल जास्त नेमका अंदाज देतात. आमच्या कागदावर मी ते जोडून घेतलंय. चाचणी विकणाऱ्या कंपनीला विचारलं नाही.

जागा बदलली की माणूस बदलतो, हे कोल्हापुरात तरी पुस्तकातून शिकायला नको. मोल्डिंग लाइनवर एक मुलगा आहे, पाळीभर चार शब्द बोलणार नाही. हजेरीचं कार्ड पंच करतो, कान झाकतो, कामाला लागतो. आमच्या चाचणीत बहिर्मुखता तळाला. एकदा फुटबॉलचा हंगाम चालू असताना शाहू स्टेडियमवर त्याला पाहिलं. अख्ख्या पेठेच्या पोरांना तो हलगीच्या तालावर नाचवत होता, आवाज बसलेला, आणि पंचाला जे काही सुनावत होता ते इथे लिहिता येणार नाही. यातला खरा तो कोणता? विल्यम फ्लीसनने २००१ मध्ये लोकांना दिवसातून अनेकदा, दोन-तीन आठवडे, 'आत्ता या घटकेला तुम्ही कसे वागताय' असं टिपायला लावलं. एकाच माणसाच्या वागण्यातले चढउतार जवळजवळ माणसामाणसांतल्या फरकाएवढेच मोठे निघाले. स्थिर होती ती सरासरी. म्हणजे लाइनवरचा तो आणि स्टेडियमवरचा तो, दोघेही खरेच.

याला जोडून एक गोष्ट कारखान्यांनी लक्षात घ्यावी असं मला वाटतं. बॅरिक आणि माउंट यांनीच १९९३ मध्ये दाखवलं, की ज्या कामात स्वतःच्या अकलेने ठरवायला मोकळीक असते तिथे व्यक्तिमत्त्वाचा अंदाज बरा चालतो, आणि जिथे सगळं बांधून दिलेलं असतं तिथे फिका पडतो. ऑटोमॅटिक मोल्डिंग लाइनवर साचा किती सेकंदांनी पुढे सरकणार ते यंत्र ठरवतं. तिथे तुम्ही कर्तव्यदक्ष असा नाहीतर कवी असा, हात तेवढ्याच वेगाने चालवावा लागतो. आणि आपण नेमके याच जागांसाठी गोल काळे करून घेतो. ज्याला खरोखर शंभर गोष्टी स्वतः ठरवायच्या असतात, त्या जनरल मॅनेजरला मात्र जेवायला नेऊन ठेवून घेतो.

चार अक्षरांच्या चाचणीबद्दल, म्हणजे मायर्स-ब्रिग्ज (एमबीटीआय) बद्दल, थोडक्यात. एक ट्रेनर येऊन सगळ्या ऑफिसला स्वभावाच्या प्रकाराचे आयएनटीजे, ईएसएफपी असे बिल्ले वाटून गेले. कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती घरी बसून रचली. काही आठवड्यांनी पुन्हा दिली की पुष्कळांचं एखादं अक्षर तरी बदलतं, आणि ती भरतीसाठी वापरू नये असं ती विकणारेच सांगतात. मग लोकांना ती इतकी का पटते? बर्ट्राम फोररने याचं उत्तर देऊन ठेवलंय. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं' म्हणून व्यक्तिमत्त्व-वर्णन दिलं. मजकूर सगळ्यांना एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा निकाल १९४९ मध्ये छापून आला. आमचे स्टोअरकीपर अजून टेबलावर आपली चार अक्षरं लावून बसतात. असोत बापडे.

मग दुसऱ्याला विचारावं का? संशोधन तर तेच सांगतं. जवळून पाहणाऱ्यांनी दिलेले गुण माणसाच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा कामाचा अंदाज जास्त नीट देतात, असं २०१० आणि २०११ मधल्या दोन मोठ्या विश्लेषणांत दिसलं. आमच्या मिस्त्रींना हे कळायला विश्लेषण लागलं नसतं. नवा पोरगा फावडं कसं ठेवतो यावरून ते आठवड्यात सांगतात, टिकेल का नाही. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यातही कुसळ असतंच. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते, तरी आकडे संशय यावा इतके एकमेकांसारखे. रुबाबदार दिसला की हुशारही वाटतो, हुशार वाटला की प्रामाणिकही.

सैन्याने त्यावर आपला तोडगा काढलाय. आपल्याकडची एसएसबी, म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणारं मंडळ, ही ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात उभ्या केलेल्या निवड मंडळांची वारसदार. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावाला त्याचं अप्रूप सांगायला नको. माझा मामेभाऊ पाच दिवस भोपाळला राहून आला. एका शब्दाला पंधरा सेकंद असे साठ शब्द, त्यावरून सुचेल ते वाक्य. धूसर चित्रावरून गोष्ट. मैदानावर दोर, फळ्या, पिंप. तिथे मनसा-वाचा-कर्मणा म्हणतात: मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा आणि मैदानावरचा अधिकारी असे तिघे तीन वाटांनी पाहतात, आणि शेवटच्या बैठकीपर्यंत आपापलं मत आपल्यापाशी ठेवतात. तो नापास झाला, पण हे सांगताना त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "सगळ्यांना तेच विचारलं," एवढंच म्हणाला.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण आमच्याकडे सगळ्यांना तेच विचारत नव्हते. मुलाखतीची सुरुवात साहेब एकाच प्रश्नाने करायचे: गाव कुठलं? मग अमक्याचा पुतण्या का, तमक्या तालमीतला का. चहा यायच्या आत निवड झालेली असायची, पुढचं सगळं उपचार. मी याला नाक मुरडत नाही. ज्या चुलत्याने पोराला पाठवलं त्याची अब्रू पणाला लागलेली असते, तो वाया गेलेलं पोरगं पाठवत नाही. त्या प्रश्नात माहिती आहे. पण ओडिशाहून आलेल्या मुलाला तोच प्रश्न विचारला की उत्तर मिळतं आणि खोलीत कुणालाच त्यातून काही कळत नाही. ज्याचा इथे कुणी चुलता नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न म्हणजे बंद दार.

याच शहरात, शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा, सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. त्या साठांतल्या एकेकाची निवड करणाऱ्याला गाठून विचारलं असतं, तर प्रत्येकाने मनापासून 'लायक माणूस घेतला' असंच सांगितलं असतं. एकेका निवडीत वावगं दिसत नाही, बेरीज केल्यावर दिसतं. २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम त्या बेरजेवर होता. तो इतिहास मोठा आहे आणि आमची फाउंड्री लहान, पण निवडणाऱ्याच्या नजरेवर सगळं सोडलं की काय साठत जातं, ते पाहायला करवीरच्या माणसाला लांब जायला नको.

म्हणून माझं म्हणणं थोडं उलट्या बाजूने आहे. चाचणी माणसाच्या आत फारसं डोकावत नाही. तिचा उपयोग आमच्यासाठी, विचारणाऱ्यांसाठी आहे: ती आम्हाला सगळ्यांना तेच विचारायला भाग पाडते. आणि तेवढंच हवं असेल, तर गोल काळे करण्यापेक्षा चांगली सोय आहे. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींचे जुने आकडे पुन्हा तपासले, त्यातली फुगवट काढली आणि बहुतेक आकडे खाली आले. सगळ्यात वर उरली ती ठरावीक प्रश्नांची, ठरावीक गुणदानाची मुलाखत, ०.४२. गप्पांवर चालणारी मुलाखत तिच्या निम्म्याच्या आसपास.

आता आम्ही सगळ्यांना तेच पाच प्रश्न विचारतो, सगळे कामातले. रात्रपाळीत वाळूचा ओलावा वाढल्यासारखा वाटतोय, सुपरवायझर जागेवर नाही, लाइन चालू आहे; काय कराल? कुठल्या उत्तराला दोन आणि कुठल्याला पाच, हे आधी लिहून ठेवलेलं असतं. लाइन थांबवून ब्लो होलचा (नगात वायूची पोकळी राहण्याचा) धोका बोलून दाखवणाऱ्याला पाच. साहेब, मिस्त्री आणि मी वेगवेगळे गुण लिहितो, मग बोलतो. मी आमच्या तिघांचंच गेज आर अँड आर काढून पाहिलं. क्वालिटीवाल्यांनी आम्हाला केव्हाच बाद केलं असतं. साहेब आत्मविश्वासाने बोलणाऱ्याला जास्त देतात, मी नेमकं बोलणाऱ्याला. मिस्त्री सगळ्यांना चार देतात. "पोटासाठी आल्यात पोरं, तीन कसं द्यायचं?" असं त्यांचं म्हणणं. त्यांना समजावून झालं, हल्ली क्वचित साडेतीन येतात.

गावाचा प्रश्न काढून टाकायला साहेब तयार नव्हते. "मग माणसाशी बोलायचं तरी काय?" त्यावर तडजोड झाली: तो प्रश्न शेवटी. गुण लिहून कागद पालथा घातला की साहेब पेनाला टोपण लावतात, खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "हं, आता सांग. गाव कुठलं?" परवा एका पोराने साहेबांच्या आजोळचं नाव घेतलं. साहेबांचा चेहरा फुलला, हात कागदाकडे गेला. मिस्त्रींनी कागदावर पंजा ठेवला.

"साहेब, गुण झालं लिवून."